शुभ्र वस्त्रांची निगा : वेदीवस्त्रे धुण्याची रीत आणि तिच्यामागचे शास्त्र

वेदीवर अंथरलेले पांढरे वस्त्र आपण दर रविवारी पाहतो. ते नेहमीच पांढरे असते, म्हणून त्याकडे आपले फारसे लक्षही जात नाही. लक्ष जाते ते त्यावर डाग दिसला, किंवा त्याचा पांढरेपणा मावळून त्याला पिवळट छटा आली तेव्हाच. हे वस्त्र कोण धुते, कसे धुते आणि ते वर्षानुवर्षे शुभ्र कसे राहते, याची माहिती धर्मग्रामातील दोन-चार वयस्क भगिनींपाशी आणि मठांतील धर्मभगिनींपाशीच उरली आहे. ती पुढच्या पिढीच्या हाती जावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. यातील बहुतेक सूचना घरातील पांढऱ्या कपड्यांनाही तितक्याच लागू पडतात.

कोणकोणती वस्त्रे?

वेदीवर किमान एक पांढरे वस्त्र अंथरलेले असावे, असा उपासनाविधीचा नियम आहे. त्यावर मिस्साविधीच्या वेळी जे लहान चौकोनी वस्त्र उलगडले जाते, ते कॉर्पोरल. त्यावर पवित्र भाकर व प्याला ठेवतात. प्याला पुसण्यासाठी असलेले अरुंद, लांबट वस्त्र म्हणजे प्युरिफिकेटर. याखेरीज धर्मगुरूंचे हात पुसण्याचा रुमाल, प्याल्यावर ठेवण्याच्या कडक पॅलचे आवरण आणि धर्मगुरू व वेदीसेवक परिधान करतात तो पायघोळ आल्ब ही वस्त्रेही याच गटात येतात.

कॉर्पोरल व प्युरिफिकेटर यांसाठी परंपरेने अळशीच्या धाग्याचे, म्हणजे लिननचे कापड वापरले जाते. लिनन पाणी चटकन शोषते आणि जितके धुवावे तितके मऊ होते. आजकाल स्वस्त मिळतात म्हणून पॉलिएस्टर मिसळलेली वस्त्रे घेतली जातात. ती लवकर वाळतात खरी, पण पाणी नीट शोषत नाहीत आणि तेलकट डाग घट्ट धरून ठेवतात. लिनन परवडत नसेल तर शुद्ध सुती कापड घ्यावे.

पांढरे कापड पांढरे का राहत नाही?

कापूस मुळात किंचित दुधी रंगाचा असतो आणि लिनन तर करड्या-तपकिरी छटेचे असते. कारखान्यात विरंजन करून त्यांना पांढरे केले जाते. म्हणजे पांढरेपणा ही कापडाची उपजत अवस्था नव्हे, ती टिकवावी लागते. ती का बिघडते, याची मुख्य कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

पहिले कारण अर्धवट निघालेला मळ. घाम व त्वचेचे तेल धाग्यांत राहून गेले की हवेतील प्राणवायूमुळे त्याचे हळूहळू पिवळे डाग होतात. धुऊन ठेवताना स्वच्छ दिसलेला आल्ब सहा महिन्यांनी कपाटातून काढल्यावर गळ्यापाशी पिवळा पडलेला दिसतो, तो यामुळेच.

दुसरे कारण पाणी. समुद्रकाठच्या गावांत विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी पुष्कळदा जड असते. अशा पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो. तो धाग्यांवर बसला की कापड करडे आणि खरखरीत होते. पाण्यात लोह असेल तर तांबूस झाक येते.

तिसरे कारण राहून गेलेला साबण. अधिक पावडर म्हणजे अधिक स्वच्छता, हा समज चुकीचा आहे. न निघालेली पावडर मळ धरून ठेवते आणि इस्त्रीच्या उष्णतेने पिवळी पडते.

चौथे कारण संगत. एखादा नवा तांबडा किंवा जांभळा स्टोल, रंगीत टॉवेल अथवा काळा मोजा पांढऱ्या कपड्यांबरोबर धुतला गेला, की त्याचा सुटलेला रंग थोडाथोडा सर्वांवर चढतो. तो एका धुण्यात जाणवत नाही. वर्षाच्या शेवटी मात्र सारे कपडे राखेच्या रंगाचे झालेले असतात.

पहिले पाणी

चर्चची वस्त्रे आणि घरची वस्त्रे यांच्या धुण्यातील मुख्य फरक येथे आहे. कॉर्पोरल व प्युरिफिकेटर यांचा प्रभूच्या शरीराशी व रक्ताशी स्पर्श झालेला असतो. पवित्र भाकरीचा बारीकसा कण किंवा द्राक्षारसाचा अंश त्यांवर राहिलेला असू शकतो. म्हणून या वस्त्रांचे पहिले पाणी गटारात सोडू नये, असा ख्रिस्तसभेचा पूर्वापार प्रघात आहे.

१९१७ सालच्या कॅनन लॉमध्ये याविषयी कडक नियम होता. वापरलेली कॉर्पोरल, पॅल व प्युरिफिकेटर ही वस्त्रे प्रथम वरिष्ठ धर्मपदावरील व्यक्तीनेच धुवावीत, त्यानंतरच ती प्रापंचिकांकडे किंवा धर्मभगिनींकडे द्यावीत, असे त्यात म्हटले होते. १९८३ सालच्या नव्या संहितेत हे बंधन राहिले नाही. मात्र पहिल्या पाण्याची प्रथा रद्द झाली नाही. २००४ साली रोमहून प्रसिद्ध झालेल्या ‘रेदेम्प्सियोनिस साक्रामेंतुम’ या सूचनापत्रात, ही वस्त्रे सदैव स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी धर्मगुरूंवर सोपवण्यात आली आहे. पहिली धुणी हाताने करून ते पाणी सॅक्रेरियममध्ये किंवा योग्य ठिकाणी जमिनीत ओतणे स्तुत्य आहे, आणि त्यानंतर दुसरी धुणी नेहमीच्या पद्धतीने करता येईल, असेही त्यात सांगितले आहे.

सॅक्रेरियम म्हणजे ज्याचा नळ गटाराला न जोडता थेट मातीत उतरवलेला असतो असे कुंड. ते नसलेल्या चर्चमध्ये आवारातील झाडाच्या बुंध्याशी, जिथे कोणाचा पाय पडणार नाही अशा जागी, पाणी ओतावे.

कृती अशी आहे. कॉर्पोरल धुण्यापूर्वी ते झटकू नये. स्वच्छ पृष्ठभागावर उलगडून, कण दिसल्यास ते धर्मगुरूंच्या हाती द्यावेत. त्यानंतर या कामासाठीच राखून ठेवलेल्या पातेल्यात साधे थंड पाणी घेऊन वस्त्रे काही तास, शक्य तर रात्रभर, भिजत ठेवावीत. या पाण्यात साबण, सोडा किंवा अन्य काहीही घालू नये. सकाळी वस्त्रे हलक्या हाताने खळबळून पिळावीत आणि ते पाणी वर सांगितल्याप्रमाणे मातीत ओतावे.

गंमत अशी, की श्रद्धेने घालून दिलेली ही रीत धुलाईच्या शास्त्रालाही पूर्णपणे धरून आहे. द्राक्षारसाचा ताजा डाग थंड पाण्यात बराचसा सुटतो. तोच गरम पाण्यात किंवा इस्त्रीखाली गेला तर पक्का बसतो. थंड पाण्यातील पहिली धुणी टाळून वस्त्रे थेट यंत्रात टाकणारा श्रद्धेची रीत मोडतो आणि कापडाचेही नुकसान करतो.

दुसरी धुणी

१. पांढरी वस्त्रे नेहमी वेगळी धुवावीत. कॉर्पोरल व प्युरिफिकेटर घरच्या कपड्यांत मिसळू नयेत.

२. पाणी जड असेल तर भिजवण्याच्या पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालावा. त्यामुळे पाणी मृदू होते व कमी पावडरीत काम भागते. पावसाचे स्वच्छ साठवलेले पाणी मिळाले तर त्याहून उत्तम.

३. सुती व लिनन वस्त्रांना कडकडीत नसले तरी चांगले गरम पाणी चालते; पण डाग निघाल्याची खात्री झाल्यावरच गरम पाणी वापरावे.

४. ब्रशने जोराने घासू नये. लिननचा धागा बळकट असला तरी घड्यांच्या रेषांवर तो तुटतो.

५. खळबळणे हा धुण्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. किमान तीन पाणी बदलावीत. हाताला बुळबुळीत लागेनासे झाले आणि पाण्यावर फेस दिसेनासा झाला, म्हणजे साबण निघाला असे समजावे.

डाग आणि त्यांवरील उपाय

पुढील सर्व उपाय कॉर्पोरल व प्युरिफिकेटर यांच्या बाबतीत पहिल्या पाण्यानंतरच करावेत.

मेणबत्तीचे मेण : बर्फाने कडक करून बोथट चमच्याने खरवडावे. मग वर-खाली टीपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी. मेण कागदात उतरेल तसा कागद बदलत राहावा.

लिपस्टिक : विवाहाच्या मिस्सेत वधूने प्याल्यातून द्राक्षारस घेतल्यावर प्युरिफिकेटरवर हा डाग हमखास येतो. त्यात मेण व तेल असल्याने पाण्याने तो निघत नाही. भांडी घासण्याचे द्रवरूप साबण बोटाने चोळून पंधरा मिनिटे ठेवावे व कोमट पाण्याने धुवावे. राहिलेला रंग स्पिरिटच्या बोळ्याने टिपावा.

पवित्र तेल : स्नानसंस्काराच्या वेळी बाळाच्या शुभ्र झग्यावर तेल लागते. ते दिसत नाही म्हणून झगा तसाच इस्त्री करून जपून ठेवला जातो आणि पुढच्या भावंडासाठी काढला तर त्यावर पिवळा ठिपका दिसतो. त्याच दिवशी वरीलप्रमाणे द्रवरूप साबण लावून धुवावे.

फुलांचे पराग : पास्काच्या सणाला वेदीपाशी लिलीची फुले असतात. त्यांचे पराग पडल्यास पाणी लावू नये, हातानेही पुसू नये. चिकटपट्टीने अलगद उचलावेत.

गंज : लिंबाचा रस व मीठ लावून वस्त्र उन्हात ठेवावे आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. गरज पडल्यास पुन्हा करावे.

हळद : प्रथम कम्युनियनच्या दिवशी मुलामुलींच्या पांढऱ्या पोशाखावर जेवणाचा डाग पडतोच. साबण लावताच हळद तांबडी होते व आई घाबरते. घाबरू नये. साबणातील क्षारामुळे हा रंग बदलतो. डाग धुऊन वस्त्र कडक उन्हात घालावे. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही.

घाम : आल्बच्या बगलेतील पिवळे डाग घाम आणि घामरोधकातील ॲल्युमिनियमचे क्षार यांमुळे पडतात. पांढऱ्या व्हिनेगरच्या पातळ द्रावणात अर्धा तास भिजवून, ते पूर्णपणे धुऊन काढून मग साबण लावावा. गळ्याशी ॲमिस हे वस्त्र घेण्याची जुनी पद्धत आल्बचा गळा घामापासून वाचवते, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

ब्लीचविषयी सावधगिरीचा इशारा

आमच्या धर्मगुरुपदाच्या सुरुवातीच्या काळातील एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे. त्या धर्मग्रामात क्रोशाच्या किनारीचे एक जुने वेदीवस्त्र होते. ती किनार गावातील एका आजींनी स्वतः विणलेली होती. दोरीवरच्या लोखंडी चिमट्याचा गंज त्याला लागला. सण तोंडावर आला होता. आजींना विचारण्याऐवजी आम्ही स्वतःच बाजारातील ब्लीच, पाणी न घालता, त्या डागावर ओतले. डाग गेला नाही, उलट अधिक गडद झाला. पुढच्या धुण्यात त्या जागी भोक पडले. आजी रागावल्या नाहीत. त्यांनी ते वस्त्र घरी नेले, भोकावर ठिगळ लावून आणले आणि एवढेच म्हणाल्या, “फादर, लिंबू होतं ना आपल्या परसात.”

आमची चूक काय झाली, हे आम्हांला पुढे समजले. बाजारातील ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. गंजाचा डाग त्याने निघत नाही, उलट पक्का होतो. आणि लोहाच्या सान्निध्यात ब्लीच सुताचा धागा अधिक वेगाने कुरतडते. म्हणून गंजावर व लोहयुक्त पाण्यात ब्लीच कधीही वापरू नये. रेशीम, लोकर व नायलॉन यांनाही ते वर्ज्य आहे. शुद्ध सुती वस्त्राला क्वचित वापरायचेच झाले, तर १० लिटर थंड पाण्यात २ टेबलचमचे एवढेच घालावे, वस्त्र ५ मिनिटांत बाहेर काढावे आणि दोन-तीन पाण्यांत खळबळावे.

यापेक्षा सोडियम परकार्बोनेटची पावडर, जी ‘ऑक्सिजन ब्लीच’ म्हणून विकली जाते, अधिक सौम्य आहे. पाण्यात तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते. १० लिटर गरम पाण्यात, सुमारे ४० ते ६० अंश सेल्सियसला, ३ ते ४ टेबलचमचे पावडर विरघळवून वस्त्रे दोन-तीन तास भिजवल्यास करडेपणा पुष्कळ कमी होतो. रेशीम व लोकर यांना हीदेखील वापरू नये.

सर्वांत गंभीर इशारा जिवाविषयीचा आहे. क्लोरिनयुक्त ब्लीच लिंबू, व्हिनेगर किंवा शौचालय साफ करण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो. अमोनिया असलेल्या द्रावणाबरोबरही ते मिसळू नये. बंद न्हाणीघरात अशा मिश्रणाने माणूस गुदमरू शकतो. चर्चमध्ये सेवा करणाऱ्या भगिनींना ही गोष्ट धर्मगुरूंनी स्वतः समजावून सांगावी.

नीळ, खळ आणि इस्त्री

पिवळट कापड निळा प्रकाश कमी परावर्तित करते. नीळ दिल्याने ती उणीव भरून निघाल्यासारखी दिसते आणि कापड डोळ्याला शुभ्र वाटते. आजच्या पावडरींतील चमक आणणारी द्रव्ये उन्हातील अदृश्य अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. या दोन्ही उपायांनी मळ निघत नाही, तो फक्त दिसेनासा होतो. म्हणून नीळ नेहमी शेवटी, साबण पूर्ण निघाल्यावरच द्यावी. ती पुरचुंडीत बांधून थंड पाण्यात कालवावी आणि वस्त्र त्यात सतत हलवत राहावे, नाहीतर ठिपके पडतात.

खळ कॉर्पोरलला हलकी द्यावी. त्यामुळे कण धाग्यांत अडकत नाहीत. तांदळाच्या पेजेची गाळलेली खळ उत्तम. प्युरिफिकेटरला मात्र खळ देऊ नये व कपडे मऊ करणारे द्रावणही लावू नये, कारण दोन्हींमुळे पाणी शोषण्याचा त्याचा गुण कमी होतो.

लिनन किंचित ओलसर असतानाच इस्त्री करावी. कॉर्पोरलच्या उभ्या तीन व आडव्या तीन घड्या घालतात, म्हणजे उलगडल्यावर नऊ चौकोन दिसतात. या घड्या आतल्या बाजूस मिटणाऱ्या असतात, जेणेकरून एखादा कण राहिलाच तर तो बाहेर पडू नये. प्युरिफिकेटरच्या लांबीत तीन घड्या असतात.

वाळवण आणि साठवण

ऊन हे सर्वांत जुने व विनामूल्य विरंजक आहे. ओल्या सुती वस्त्रावर ऊन पडले की पिवळेपणा उतरतो. मात्र वाळल्यावर वस्त्र दिवसभर दोरीवर ठेवू नये. त्याने धागा कमजोर होतो. दोरी नायलॉनची व चिमटे प्लॅस्टिकचे असावेत. रेशमी वस्त्रे सावलीत वाळवावीत.

पावसाळ्यात अर्धवट वाळलेले वस्त्र घडी करून ठेवले, तर दोन-तीन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात व ते फार कष्टाने निघतात. पंख्याखाली पूर्ण वाळवून, इस्त्री फिरवूनच कपाटात ठेवावे. ज्या वस्त्रांचा उपयोग केवळ नाताळ किंवा पास्काला होतो, ती खळ न देता साठवावीत, कारण खळीला कसर लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळू नये. लाकडाचा थेट स्पर्शही टाळावा. जुने, धुतलेले पांढरे सुती कापड हेच उत्तम वेष्टन होय. वर्षातून दोनदा घड्या बदलाव्यात.

हे काम करणारे हात

बायबलमध्ये वस्त्रे धुणाऱ्याच्या व्यवसायाला मानाचे स्थान आहे. संदेष्टा मलाखी येणाऱ्या प्रभूची तुलना परटाच्या खाराशी करतो. रूपांतराच्या प्रसंगी प्रभू येशूची वस्त्रे किती शुभ्र झाली हे सांगताना संत मार्क यांना पृथ्वीवरील परटाचीच आठवण होते. तरीही चर्चच्या वार्षिक अहवालात गायक, वाचक, वेदीसेवक यांचे आभार मानले जातात आणि वस्त्रे धुणाऱ्यांचा उल्लेख बहुधा राहून जातो, हे आम्ही स्वतःलाही दोष देऊन लिहीत आहोत.

म्हणून आमची वाचकांना व धर्मगुरूंना नम्र सूचना अशी, की प्रत्येक धर्मग्रामाने या कामासाठी दोन तरुण व्यक्तींना, त्यात तरुण मुलगेही असावेत, सध्याच्या अनुभवी सेविकांच्या हाताखाली निदान वर्षभर द्यावे. पहिल्या पाण्याचे पातेले वेगळे ठेवावे. सॅक्रेरियम बुजले असेल तर ते मोकळे करून घ्यावे. आणि डाग पडला की बाटली उघडण्यापूर्वी त्या जाणत्या हातांना विचारावे. ते ठिगळ लावलेले वस्त्र आम्ही तो धर्मग्राम सोडेपर्यंत साध्या दिवसांच्या मिस्सेला वेदीवर अंथरले जात असे, आणि ठिगळासकट ते शुभ्र होते.